शुद्ध मराठीतला राग

मामांना राग आला की ते शुद्ध मराठीत बोलायचे. एरवी त्यांची बोली अस्सल औशाची, वाक्यागणिक हाव, न्हाई आणि कामून. घरात, दुकानात, लग्नाच्या मांडवात ते असेच बोलत. पण राग आला की आवाज खाली उतरायचा, समोरचा ‘तू’ एकाएकी ‘तुम्ही’ व्हायचा आणि वाक्यं शाळेच्या पुस्तकातून काढल्यासारखी बाहेर पडायची. “तुम्ही हे योग्य केलं नाही,” एवढं मामा म्हणाले की घरातला माणूस हातातलं काम टाकून उभा राहायचा. यापेक्षा शिव्या परवडल्या, असं माझा नवरा शिवराज म्हणायचा. त्याला लहानपणापासूनचा अनुभव होता.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्यांना मामाच म्हणतात. औशात किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं बैलांच्या साजाचं दुकान होतं. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा आणि पोळा जवळ आला की रंगीत गोंडे. ट्रॅक्टर आल्यावर गिऱ्हाईक आटलं, तरी मामा रोज सकाळी दुकान उघडून बसायचे. लग्न होऊन मी नांदेडहून या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला दुकानात नेलं, एक दोर हातात दिला आणि कसा वाटतो म्हणून विचारलं. मी शहरात वाढलेली. चांगला आहे, मी म्हणाले. मामा हसले. “आतून सडलाय त्यो. कळत नसलं तर कळत न्हाई म्हणावं, पोरी. चांगलाय कामून म्हणलीस?”

माल कच्चा असेल तर ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. हे दावं तुमच्या बैलाला पुरायचं नाही, लातूरला जाऊन दुसरं बघा. लोक त्यांना फटकळ म्हणत आणि पार शिरूर अनंतपाळहून त्यांच्याच दुकानात येत.

सासूबाई लातूरच्या एका दवाखान्यात वारल्या. त्यानंतर दोन वर्षं मामा एकटेच राहिले. आम्ही दोघं नोकरीसाठी जर्मनीत होतो. शिवराजनं पुष्कळ आग्रह केला तेव्हा कुठे ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे यायला तयार झाले. धोतर, पांढरी टोपी, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग आणि पिशवीत लोखंडी खलबत्ता. जर्मनीत उतरल्यावर विमानतळावर त्या खलबत्त्यावरून अर्धा तास गेला. हे हत्यार नाही, यात चटणी कुटतात, हे मी तिथल्या माणसाला पटवत होते आणि मामा माझ्याकडे असे बघत होते, की एवढ्या शिकल्या-सवरल्या देशात खलबत्ता ठाऊक नाही हा माझाच अपराध.

पहिले पंधरा दिवस ते जिन्यात भेटेल त्याला मराठीत विचारत, जेवलाव का. लोक मान हलवून, अंग चोरून निघून जात. मामांना याचं वाईट वाटण्यापेक्षा नवल जास्त वाटायचं. म्हणायचे, “उत्तर देऊ नका म्हणावं, पर थांबा तरी की.”

मग चटणीचा रविवार आला. आमच्या त्या गावात रविवारी आवाज करायचा नसतो. ठोकाठोक नाही, धुण्याचं यंत्र नाही. मामांना कुणी हे सांगितलं नव्हतं. ते सकाळी स्वयंपाकघरात खाली बसून शेंगदाण्याची चटणी कुटत होते. दुपारी दाराला चिठ्ठी चिकटवलेली सापडली. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांची. अत्यंत सभ्य भाषा, खाली सही. शिवराज धावत खाली गेला आणि माफी मागून आला. मामांनी चिठ्ठीत काय आहे ते माझ्याकडून वाचून घेतलं, टोपी घातली आणि वाटीत चटणी घेऊन ते स्वतः खाली गेले. मी मागोमाग. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की तुम्हाला त्रास झाला तर वर येऊन बोलायचं, दोन शब्द चढले-उतरले असते, मग चहा घेतला असता. मी ते जर्मनमध्ये सांगितलं. त्या गृहस्थांनी वाटीकडे बघितलं, नको म्हणाले आणि हळूच दार लावून घेतलं.

वर आल्यावर मामा शिवराजला म्हणाले, “तुम्ही त्यांची माफी का मागितलीत? चूक माझी होती. मागायची तर मी मागितली असती.” त्या दिवशी मला तिघांचाही राग आला. सहा वर्षांत एकदाही आमच्या दारावर टकटक न केलेल्या त्या म्हाताऱ्याचा, श्वाससुद्धा परवानगीनं घ्यायला शिकलेल्या माझ्या नवऱ्याचा आणि हा देश आपल्यासारखा नाही हे मान्यच न करणाऱ्या मामांचा.

दुसरा महिना संपत आला आणि मामांचे डोळे पिवळे दिसायला लागले. आम्हाला कावीळ वाटली. दवाखान्यात नेलं, त्यांनी ठेवून घेतलं. तपासणीच्या मोठ्या यंत्रात जाताना अंगावर धातू चालत नाही, गळ्यातली डबी काढा म्हणाले. मामांनी लिंग उभ्या आयुष्यात कधी अंगावेगळं केलं नव्हतं. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग डबी काढून माझ्या ओंजळीत ठेवली. खाली कुठं ठेवू नको, म्हणाले, आणि आत गेले. मी पाऊण तास तशीच ओंजळ धरून उभी होते.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. शिवराजला ऑफिसातून निघता आलं नाही. निघता आलं नाही असं तो म्हणतो. मराठी दुभाषी त्यांना मिळत नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी आधी एकटी आत शिरून विचारायचा प्रयत्न केला. बाईंनी शांतपणे सांगितलं, की आजार त्यांचा आहे, त्यांच्या परवानगीशिवाय मी तुम्हालाही काही सांगू शकत नाही. मग खुर्ची ओढून त्या मामांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या आणि माझ्याकडे न बघता त्यांच्या डोळ्यांत बघून बोलायला लागल्या. स्वादुपिंडात गाठ आहे. ती यकृतापर्यंत पसरली आहे. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. कावीळ उतरायला पित्तमार्गात एक नळी घालता येईल. औषधांनी थोडा काळ वाढेल, पण काही महिनेच आहेत. प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबत होत्या, माझ्यासाठी.

मी सांगितलं, “मामा, पित्ताच्या नळीला सूज आहे. तिथं छोटी नळी घालणार आहेत. वेळ लागेल, पण बरं होईल.”

मी तेव्हा काही विचार केला होता असं म्हणायची माझी तयारी नाही. आमच्याकडे असंच करतात. माझ्या आजोबांच्या वेळी केलं, काकांच्या वेळी केलं. डॉक्टर घरच्या कर्त्या माणसाला बाहेर बोलावतो, तो डोळे पुसून हसत आत येतो आणि ॲसिडिटी आहे म्हणून सांगतो. खरं सांगणाऱ्या माणसाला आमच्याकडे दुष्ट समजतात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्यांना समजलं का. मामा म्हणाले, “हाव.” बाहेर आल्यावर म्हणाले, “ती बाई एवढं बोलली. तू एवढंच कामून सांगितलंस?” जर्मन भाषाच लांबलचक आहे, असं मी म्हणाले.

त्या वॉर्डात लाहोरकडची एक नर्स होती. मामा औशाच्या बाजारात दखनी ऐकत मोठे झालेले. दुकानासाठी कातडी पट्टे शिवून देणारे सगळे मुसलमान कारागीर, त्यांच्याशी पन्नास वर्षं तीच बोली. मी घरी गेले असताना त्यांनी नर्सला बोलावलं आणि म्हणाले, “बाजी, मेरेकू क्या हुआ सो सच बोलो.” तिनं स्वतःच्या मनानं काही सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं, शेजारी उभी राहिली आणि त्यांचा शब्द न् शब्द उर्दूत सांगितला. हे मला नंतर तिनंच सांगितलं. तुमच्या सासऱ्यांनी माझे आभार मानले आणि चहा मागितला, असंही म्हणाली.

मी दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा मामा पलंगावर ताठ बसले होते.

“बसा,” म्हणाले. मी बसले.

“त्या बाईंची भाषा मला येत नाही. तरी त्या माझ्याशी खरं बोलल्या. तुम्ही माझ्या भाषेत खोटं बोललात.”

मला रडू आलं नाही, राग आला. मी म्हणाले की मामा, आपल्याकडे कुणी सांगतं का असं. सासूबाईंना तरी तुम्ही कुठं सांगितलं होतं?

हे बोलायला नको होतं. मामांनी डोळे मिटले. मग ते बोलायला लागले ते औशाच्या बोलीत, आणि ते जास्त वाईट होतं. म्हणाले, की तिला म्या गॅस झालाय म्हणलो. लातूरच्या डॉक्टरनं मला भाईर बोलवून सांगितलं, आन् म्या आत जाऊन हसलो. ती रोज इचारायची, मला काय झालंय. मी रोज गॅस म्हणायचो. मग एक दिवस तिनं इचारणं बंद केलं. त्यानंतर सव्वा महिना होती, पण माझ्याशी मोकळं बोलली न्हाई. भाजी, पाणी, दुकान, एवढंच. “तिला कळलं हुतं, पोरी. माझं खोटं मोडू न्हाई म्हणून ती गप बसली. तिला मला शेवटचं काय सांगायचं हुतं ते तिनं सांगितलंच न्हाई. म्या जे केलं ते माझ्यासंगं करू नको.”

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना आपणहून म्हणाले, “लई उलटी माणसं हायेत ही. चटणीचं तोंडावर सांगायला लाजतेत, चिठ्ठी लिवतेत. आन् मरणाचं खुर्ची घेऊन समोर बसून सांगतेत.” थोडं थांबून म्हणाले, “आपल्याकडं चटणीवरून डोकी फोडतेत आन् मरणाचं लपवतेत.” दोन्हीकडची माणसं त्यांना अर्धीच वाटत होती.

शिवराजला त्यांना मुंबईला न्यायचं होतं, मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. मामांनी विचारलं, त्यानं काय होईल? शिवराज म्हणाला, प्रयत्न तरी केल्यासारखं होईल. “प्रयत्न तुमच्या समाधानासाठी आहे. दिवस माझे आहेत,” मामा म्हणाले. ते वाक्य ऐकल्यावर शिवराजनं वाद घातला नाही. नळी बसवून झाल्यावर मी त्यांना घेऊन औशाला आले आणि रजा टाकून तिथेच राहिले. शिवराज येऊन-जाऊन होता.

औशात माणसांची रीघ लागली. गावात त्यांना अप्पा म्हणत. येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघून डोळे मोठे करायचा, मग चेहरा बदलून आत जायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, अप्पा, काही होत नाही, पोळ्याला दुकानात बसायचंय तुम्हाला. मामा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “मला कर्करोग झालेला आहे. मी पोळ्यापर्यंत राहणार नाही. तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं असेल तर आज बोला.” समोरचा माणूस पाहुणचाराची कपबशी तशीच ठेवून उठायचा. अभद्र बोलतात, म्हणायचे. परदेशात जाऊन डोकं फिरलं, म्हणायचे. पन्नास वर्षं दोराबद्दल खरं बोलले म्हणून ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, त्यांना त्यांच्या मरणाबद्दलचं खरं सोसवेना. हळूहळू रीघ आटली. मला त्या माणसांचा अजून राग येतो. रस्त्यात भेटली तरी मी मान वळवते.

त्यातून एक गोष्ट निघाली. जर्मनीत सुनेनं तोंडावर सांगून टाकलं, त्यानं अप्पा खचले. ही गोष्ट औशात फिरली, किल्लारीला गेली, नांदेडला माझ्या माहेरीही पोचली. जे करायची माझ्यात हिंमत नव्हती त्याचा ठपका माझ्यावर आला. शिवराजच्या चुलत्यानं तर ओसरीवर बसून, मला ऐकू जाईल असं सुनावलं. शिवराज शेजारीच बसला होता. त्याला सगळं माहीत होतं. तो मोबाइलमध्ये बघत राहिला. आतून मामा काठी टेकत बाहेर आले. उभं राहायची ताकद नव्हती, तरी चौकट धरून उभे राहिले आणि म्हणाले, “तिनं सांगितलं न्हाई. तिनं लपवलं, तुमच्यासारखंच. आता ती लपवत न्हाई, तुम्ही अजून लपवून राहिलाव.” चुलते निघून गेले. शिवराजला मी अजून त्या दुपारची माफी दिलेली नाही, आणि त्यानंही मागितलेली नाही.

मामांना एकाच ठिकाणी जायचं होतं, किल्लारीला थोरल्या बहिणीकडे. अक्का ऐंशी पार केलेल्या. भूकंपात नवरा आणि दोन मुलं गेल्यानंतर नव्या वसाहतीतल्या घरात त्या एकट्याच राहत. आम्ही जीपनं गेलो. मामा त्यांच्याशेजारी खाली बसले आणि सरळ सांगून टाकलं, की अक्का, मी चाललो, आता पुन्हा येणं न्हाई.

अक्कांनी ‘काही होत नाही’ म्हटलं नाही. मामांचा हात घेऊन मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “बरं केलास, येऊन सांगितलास. आमची माणसं गेली तवा चार दिवस मला कुणी सांगितलं न्हाई. लातूरच्या दवाखान्यात हायेत म्हणायचे. मी भाकरी बांधून ठेवलते.” निघायच्या आधी अक्कांनी त्यांना समोर बसवून जेवू घातलं. मामांना तेव्हा दोन घास जात नव्हते, पण त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. परतीच्या वाटेवर ते औशाच्या बोलीतच बोलत होते. बहिणीच्या खोड्या, आईचा मार, विहिरीत पडलेली म्हैस.

पोळ्याच्या आठ दिवस आधी मामा गेले. त्यांना सासूबाईंच्या शेजारी, आमच्या रीतीप्रमाणे बसवून माती दिली. यायचे बंद झालेले ते सगळे लोक तेव्हा तोंडाला रुमाल लावून आले होते, आणि अप्पा किती खरं बोलायचे म्हणून रडत होते. मी एकटीच बहुधा रडले नाही. माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

यंदा नांदेडला माझी आई आजारी पडली. मी आले तेव्हा दवाखान्याच्या पॅसेजमध्ये माझा भाऊ डॉक्टरांशी दबक्या आवाजात बोलत होता. आईला काही सांगायचं नाही, असं त्यानं ठरवूनही टाकलं होतं. मी म्हणाले, सांगायला हवं. तो म्हणाला, तुझं जर्मनीतलं शहाणपण इथं नको. हे शहाणपण जर्मनीतलं नाही, औशातलं आहे, असं मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की पॅसेजमधली माणसं वळून बघायला लागली. आणि मी आत जाऊन, खुर्ची आईच्या समोर ओढून, तिच्या डोळ्यांत बघून सगळं सांगितलं.

आई ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, “मी तुला विचारलं होतं का? मला ठाऊक होतं. तुझा भाऊ खोटं बोलत होता तोवर मला ते विसरता येत होतं. तुला आधी मला विचारायचं तरी होतंस.” आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

आईचे उपचार चालू आहेत. मी रोज जाते. ती माझ्या भावाशी बोलते, सुनेशी बोलते, शेजारच्या पलंगावरच्या बाईशी बोलते. मी आले की पाठ करते. मी तिच्या पाठीशी बोलत बसते. कधी कधी मामांचाही भयंकर राग येतो. त्यांनी आपल्यापुरतं सांगितलं आणि गेले. जिला ऐकायचंच नाही तिचं काय करायचं, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

परवा मी निघाले तेव्हा आईनं भिंतीकडे बघतच विचारलं, जर्मनीला परत कधी जाणार. मी म्हणाले, माहीत नाही. ती म्हणाली, “उद्या सकाळी नवाच्या आधी ये. नंतर तुझा भाऊ येतो. तो असला की काही बोलता येत नाही.”

तिच्या आवाजातला राग गेलेला नव्हता.